कंबरदुखी : घरीं केव्हां ठेवावी, डॉक्टरांकडे केव्हां न्यावी?

भरल्या घरांत कोणाची तरी कंबर दुखत नाहीं, असा दिवस सहसा उगवत नाहीं. गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशीं माळ्यावरचीं पितळी पातेलीं उतरवितांना थोरल्या काकांच्या कंबरेंत उसण भरते. आजींना पाटावरून उठतांना जमिनीस हात टेकावा लागतो. धाकट्या सूनबाई बाळंतपणापासून कंबर धरूनच वावरतात, आणि संगणकापुढें दहा-दहा तास बसणारा नातू खुर्चीवरून उठतांना म्हाताऱ्यासारखा वांकतो. दुखणें इतकें परिचयाचें झालें, कीं त्याचें भय वाटेनासें होतें; आणि भय वाटेनासें झालें, कीं त्याकडे नीट पाहण्याचेंहि आपण सोडून देतों.

या बेपर्वाईंत एक चमत्कारिक विसंगति आहे. काकांची उसण पाहून सारें घर धांवतें. कोणी शेकाची पिशवी आणतो, कोणी निर्गुडीचा पाला शोधावयास निघतो, कोणी त्याच दिवशीं एमआरआय काढून घेण्याचा आग्रह धरतो; कारण काका मोठ्यानें कण्हत असतात. उलट सूनबाईंची कंबर दोन महिने रोज संध्याकाळीं ठणकते, अंगांत कणकण असते, बांगड्या सैल झालेल्या असतात. पण त्या कण्हत नाहींत, म्हणून कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः काकांचें दुखणें बहुधा आठ-पंधरा दिवसांत आपल्या पायांनीं निघून जाईल. सूनबाईंचें तसें जाईलच, अशी खात्री देतां येत नाहीं. म्हणजे जेथें धीर धरावयाचा तेथें आपण घाबरतों, आणि जेथें घाई करावयाची तेथें धीर धरतों.

याचें कारण असें कीं, दुखण्याचें माप आपण कळेच्या तीव्रतेवरून घेतों. आणि कंबरदुखीच्या बाबतींत हें माप फसवें आहे. कळ किती आहे, यापेक्षां कळेच्या सोबतीला काय आहे, हें पाहावयास हवें. या लेखांत आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे. परंतु तें नीट पटण्यासाठीं थोडी शरीररचना व थोडा इतिहास ध्यानांत घेणें जरूर आहे.

कंबरेची घडण

पाठीच्या कण्याच्या खालच्या भागांत कंबरेचे ५ मणके असतात. वरच्या सर्व देहाचा भार त्यांवर येतो, म्हणून ते मानेच्या मणक्यांपेक्षां कितीतरी जाडजूड असतात. दोन मणक्यांच्या मध्यें एकेक गादी असते. तिचें बाहेरील वेष्टन चिवट व आंतील गर मऊ असतो. कण्याच्या पोकळींतून मेंदूपासून निघालेली मज्जारज्जु खालीं येते. परंतु मोठ्या माणसांत ती कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपासच संपते. तेथून खालीं तिच्या टोकापासून निघालेल्या मज्जातंतूंचा एक झुबका लोंबत जातो. तो घोड्याच्या शेपटासारखा दिसतो, म्हणून पाश्चात्त्य शारीरशास्त्रज्ञांनीं त्याला लॅटिन भाषेंत त्याच अर्थाचें नांव दिलें. आपण त्यास अश्वपुच्छ म्हणूं. या झुबक्यांतील तंतु पायांना चालवितात, आणि मलमूत्राचा वेग रोखणें व सोडणें हेंहि त्यांच्याच स्वाधीन असतें. हा शेवटचा मुद्दा वाचकांनीं विसरूं नये. पुढें त्याचें काम पडणार आहे.

कंबरेपासून कुल्ल्यांतून, मांडीच्या मागून, पोटरीपर्यंत उतरणारी कळ आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. चरकानें वातव्याधींत तिला गृध्रसी म्हटलें आहे. हा रोगी गिधाडासारखा पाय टाकीत चालतो, यावरून तें नांव पडलें असें सांगतात. परंतु गादीतील गर बाहेर येऊन मज्जातंतूच्या मुळावर दाब देतो आणि त्यामुळें ही कळ उद्भवते, हें नीटपणें पुढें आलें तें १९३४ सालीं. त्या वर्षीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं मिक्स्टर व बार या दोघां शस्त्रवैद्यांनीं आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. ‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग तेव्हांपासून जगभर रूढ झाला. आणि आम्हांस सांगावयास खेद वाटतो कीं, तो जरुरीपेक्षां जास्त रूढ झाला. गादी कांहीं तबकडीप्रमाणें जागेवरून घसरत नाहीं. शिवाय बाहेर आलेला गर पुष्कळदां कांहीं महिन्यांत आपोआप आकसतो, आणि रोगी शस्त्रक्रियेवांचून बरा होतो.

बहुतेक कंबरदुखी घरची असते

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं जगांतील सुमारें ६१ कोटी ९० लक्ष लोकांस कंबरदुखी होती, आणि माणसाला कामावांचून बसविणाऱ्या दुखण्यांत तिचा क्रम पहिला लागतो. आंकडा ऐकून छाती दडपते. परंतु त्याची दुसरी बाजू आश्वासक आहे. या दुखण्यांपैकीं फार मोठ्या भागांत हाड मोडलेलें नसतें, जंतु शिरलेला नसतो, गांठ झालेली नसते. स्नायु, सांधे व त्यांस बांधणारे बंध यांवर ताण पडलेला असतो. त्याचें नेमकें ठिकाण डॉक्टरांसहि दाखवितां येत नाहीं, आणि दाखविण्याची गरजहि नसते. नव्यानें उद्भवलेली अशी कंबरदुखी बहुतेकांची कांहीं आठवड्यांत, फार तर दीड महिन्यांत, पुष्कळ कमी होते.

पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतला कीं उसण जाते, ही आपल्याकडील जुनी समजूत याच अनुभवावर उभी आहे. उसण चार दिवसांत जावयाचीच असते. तिसऱ्या दिवशीं पायाळूचा पाय लागतो, चौथ्या दिवशीं उसण जाते, आणि श्रेय पायास मिळतें. काकतालीय न्यायाचें याहून चांगलें उदाहरण घरबसल्या सांपडणार नाहीं. तरुण माणसास त्या पायानें फारसें नुकसान होत नसेल. पण ज्या आजींचीं हाडें वयोमानानें पोकळ झालीं आहेत, त्यांच्या पाठीस असा हिसका कदापि देऊं नये. कंबर ‘बसवून’ देणाऱ्याच्या हातचा जोराचा झटकाहि त्याच कारणासाठीं टाळावा.

दुसरी समजूत अंथरुणाची. कंबर धरली कीं पंधरा दिवस फळीवर निजून राहावें, हा उपदेश एके काळीं मोठमोठे डॉक्टरहि देत. १९८६ सालीं अमेरिकेंत डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कांहीं रोग्यांस २ दिवस व कांहींस ७ दिवस विश्रांति सांगून पाहिली. दुखणें दोघांचें सारखेंच बरें झालें. मात्र दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनीं कमी पडले. पुढें १९९५ सालीं फिनलंडांत असें दिसून आलें कीं, निजून राहणाऱ्यांपेक्षां, आणि मुद्दाम व्यायाम करणाऱ्यांपेक्षांहि, सोसेल तेवढें नित्याचें काम करीत राहणारे लवकर बरे झाले. तेव्हां पहिले एक-दोन दिवस कळ फारच असली तर पडावें, कुशीवर निजून गुडघ्यांमध्यें उशी घ्यावी. पण मग घरांतल्या घरांत फिरावें, थोडें थोडें काम करावें. शेकानें बरें वाटत असल्यास अवश्य शेकावें. जड उचलणें, वांकून फरशी पुसणें, फार वेळ एका जागीं बसणें हें कांहीं दिवस वर्ज्य करावें, आणि तें वर्ज्य करणें सुनेलाहि तितकेंच मोकळें असावें जितकें मुलाला असतें.

वेदनाशामक गोळ्यांविषयीं एक सूचना करणें आवश्यक आहे. औषधाच्या दुकानांतून आणून घरांतील प्रत्येकाला तीच गोळी देण्याची चाल वाईट आहे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार, जठरांत व्रण, रक्तदाब किंवा हृदयरोग आहे, जे रक्त पातळ करणारें औषध घेतात, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनीं अशी गोळी डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये.

छायाचित्राचा मोह

काकांना त्याच दिवशीं एमआरआय हवा असतो. तो काढला तर त्यांत कांहींतरी निघेलच, हें आम्ही आजच सांगून ठेवतों. २०१५ सालीं ब्रिंजिक्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ज्यांची कंबर मुळींच दुखत नव्हती अशा ३,००० हून अधिक माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या. विशींतील धडधाकट माणसांपैकीं ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशींत हेंच प्रमाण ९६ टक्के होतें. गादी फुगलेली तर विशींतहि ३० टक्क्यांना आढळली. म्हणजे केस पिकावे तशा गाद्या झिजतात; झिजलेली गादी दिसली म्हणजे तीच दुखते आहे, असें नव्हे. अहवालांतील मोठमोठे शब्द वाचून माणूस घाबरतो, चालणें-फिरणें सोडतो, आणि त्या भीतीनेंच दुखणें लांबतें.

मग छायाचित्र केव्हांच काढूं नये काय? असें नाहीं. ज्या खुणा आम्ही आतां सांगणार आहों, त्या असल्यास तें काढण्यास विलंब करणें हाच अपराध होईल. परंतु तें काढावें कीं नाहीं, व कोणतें काढावें, हें अंग तपासून डॉक्टरांनीं ठरवावयाचें असतें.

ज्या खुणा रात्रभरहि थांबत नाहींत

पहिली व सर्वांत महत्त्वाची खूण अश्वपुच्छाची. कंबरेंतील गादीचा मोठा भाग एकाएकीं बाहेर येऊन त्या साऱ्या झुबक्यावर दाबला गेला, तर पुढील गोष्टी घडतात : लघवीची जाणीव नाहींशी होते, किंवा लघवी तुंबते, किंवा नकळत होऊं लागते, शौचाचा वेग कळत नाहीं, किंवा तो आवरत नाहीं, घोड्यावर बसलें असतां खोगिरास जो भाग टेकतो, म्हणजे मांड्यांच्या आंतला, गुह्येंद्रियाभोंवतालचा व गुदद्वाराभोंवतालचा, तो बधिर होतो, दोन्ही पायांत कळ, मुंग्या किंवा दुर्बलता येते. हा विकार विरळा आहे. पण तो ओळखून दाब लवकर काढला नाहीं, तर लघवीवरचा ताबा आणि पायांतील शक्ति कायमची जाऊं शकते. येथें हिशेब आठवड्यांचा नसून तासांचा असतो. अशी एकहि खूण दिसतांच, मध्यरात्र असली तरी, जेथें शस्त्रक्रियेची सोय आहे अशा मोठ्या रुग्णालयांत जावें. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर बोलावल्यास रुग्णवाहिका येते.

आतां याच ठिकाणीं आम्हांस मन घट्ट करून एक गोष्ट लिहावी लागत आहे. ज्या खुणा सर्वांत आधीं बोलावयाच्या, त्याच आपल्या घरांत सर्वांत शेवटीं बोलल्या जातात. चार खोल्यांच्या घरांत दहा माणसें. बाहेरच्या खोलींत सासरे, दीर, पाहुणे. तेथें सून कोणत्या तोंडानें म्हणणार, कीं मला सकाळपासून लघवीला झालेली नाहीं, आणि बसतें त्या जागीं कांहीं लागत नाहीं? ती म्हणते, “कंबर फार दुखते आहे हो.” सासूबाई म्हणतात, “बाळंतपणांत शेक-शेगडी नीट झाली नाहीं, त्याचें हें फळ.” आणि रात्र निघून जाते. आजोबांचीहि गोष्ट निराळी नाहीं. त्यांचें धोतर ओलें होतें. ते स्वतःच धुऊन वाळत घालतात, आणि प्रोस्टेटचा जुना त्रास असेल म्हणून स्वतःची समजूत घालतात. कदाचित् तसें असेलहि. पण तें डॉक्टरांनीं ठरवूं द्यावें.

म्हणून आम्ही म्हणतों, सांगणाराची लाज विचारणारानें आधीं दूर करावी. सासूनें सुनेला, मुलानें वडिलांना, वहिनीनें जावेला आंतल्या खोलींत नेऊन सरळ शब्दांत विचारावें : लघवी नेहमीसारखी होते ना? शौचाची जाणीव होते ना? बसण्याच्या जागीं स्पर्श कळतो ना? हे तीन प्रश्न विचारावयास अर्धें मिनिट लागतें. ते न विचारल्यामुळें जें जाईल, तें जन्मभर परत येणार नाहीं.

तांतडीच्या आणखी खुणा थोडक्यांत अशा : पाय उचलतांना पाऊल लोंबूं लागणें, किंवा पायांतली शक्ति तासागणिक अथवा दिवसागणिक कमी होणें. वाहनाचा अपघात किंवा उंचावरून पडणें यांनंतर सुरू झालेली कंबरदुखी. साठी उलटलेल्या माणसास, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या पुरुषास, एकाएकीं पोटांत व पाठींत भयंकर कळ येऊन घेरी येणें. येथें दोष कंबरेचा नसून पोटांतील महारोहिणी फाटत असण्याचा संभव असतो. आणि कंबरदुखीबरोबर थंडी वाजून सडकून ताप येणें.

ज्या खुणा चार दिवसांपलीकडे थांबवूं नयेत

दुसऱ्या वर्गांतील खुणा इतक्या आरडाओरडा करीत नाहींत. म्हणूनच त्यांना घरांत जाणतें माणूस लागतें.

संध्याकाळची कणकण, रात्रीं येणारा घाम, कमी होणारें वजन, मंदावलेली भूक आणि दिवसेंदिवस वाढणारी, निजल्यावरहि न थांबणारी पाठदुखी : ही पाठीच्या कण्याच्या क्षयाची चाहूल असूं शकते. १७७९ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं या रोगाचें वर्णन केलें, म्हणून त्यांचें नांव त्याला आजहि चिकटलेलें आहे. ‘क्षय आमच्या घरांत कसा येईल?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतूनच अधिक विचारला जातो. परंतु जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा आपल्या देशांत आहे, आणि जंतु कोणाचें आडनांव विचारून आंत येत नाहीं. खोकला नसला तरीहि कण्यास क्षय होतो. त्याचीं औषधें सरकारकडून विनामूल्य मिळतात, तीं बहुधा वर्षभर घ्यावीं लागतात, आणि वेळीं सुरू केलीं तर रोगी पुन्हां ताठ चालूं लागतो. वेळ दवडली तर मणका खचून पाठीस कुबड येतें, क्वचित् पायहि जातात. आमच्या आरंभींच्या सूनबाईंस डॉक्टरांकडे न्यावयाचें तें याच कारणासाठीं. कदाचित् क्षय नसेल, कदाचित् बाळंतपणानंतरचा अशक्तपणाच असेल. परंतु दोन महिने तर्क करीत बसण्यापेक्षां दोन दिवसांत तपासून घेणें शहाणपणाचें आहे.

ज्यांस पूर्वीं कर्करोग झालेला आहे, मग तो स्तनाचा असो, प्रोस्टेटचा असो वा फुप्फुसाचा, त्यांनीं नव्यानें आलेली कंबरदुखी साधी समजूं नये. रोग बरा होऊन दहा वर्षें लोटलीं असलीं, तरी ही गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी.

वृद्ध स्त्रियांच्या बाबतींत हाडांचा ठिसूळपणा ध्यानांत ठेवावा. रजोनिवृत्तीनंतर हाडें झपाट्यानें विरळ होतात. दमा किंवा संधिवातासाठीं दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या पुरुषांतहि तें घडतें. मग पाण्याची कळशी उचलतांना, किंवा नुसतें जोरानें खोकतांनाहि मणका दबतो. आजींची उंची कमी झाली, पाठीस पोक आलें, लुगड्याचा घोळ जमिनीवर लोळूं लागला, तर “वय झालें” म्हणून सोडून देऊं नये. एक मणका दबला कीं दुसरा दबण्याचा संभव वाढतो, आणि त्यास आळा घालणारे उपचार आज उपलब्ध आहेत.

तरुणांची कंबरदुखी निराळीच खूण दाखविते. विशी-तिशींतील मुलाची कंबर पहांटे दुखून झोप मोडते, सकाळीं अर्धा तास किंवा अधिक वेळ ती लांकडासारखी ताठरलेली असते, हिंडल्यावर बरी वाटते आणि विश्रांतीनें उलट वाढते. हें तीन महिन्यांहून अधिक चाललें, तर तो कण्याचा दाहयुक्त संधिवात असूं शकतो. घरचे म्हणतात, “रात्रीं जागतो, सकाळीं उठावयाचा कंटाळा.” अशा मुलाचीं वर्षें आळशीपणाच्या आरोपाखालीं फुकट जातात, आणि तोंवर कण्याचे सांधे जुळून येऊं लागतात. त्यास संधिवाततज्ज्ञांकडे पाठवावें.

कांहीं वेळां कंबर केवळ दुसऱ्याचा निरोप सांगत असते. मूतखड्याची कळ बरगडीखालून जांघेकडे जाते, आणि रोगी एका जागीं स्थिर राहूं शकत नाहीं, तळमळतो. उसण भरलेला माणूस मात्र हालचाल केली कीं ओरडतो, म्हणून स्थिर पडून राहतो. एवढ्या फरकावरून जाणत्या गृहिणीलाहि अंदाज येतो. लघवीस जळजळ व ताप असल्यास मूत्रपिंडांत जंतुदोष झालेला असतो. गरोदर स्त्रीची कंबर दुखणें साहजिक आहे. पण ठराविक अंतरानें येणारी व जाणारी कळ, रक्तस्राव किंवा ताप असेल, तर तत्काळ डॉक्टरांस दाखवावें. मधुमेही माणसांच्या बाबतींत साध्या तापाचीहि उपेक्षा करूं नये.

शेवटची खूण पायांची. कळ गुडघ्याखालीं उतरत असेल, तर रोग्यास भिंतीचा आधार देऊन टाचांवर चार पावलें व चवड्यांवर चार पावलें चालावयास सांगावें. एक पाऊल दुसऱ्यासारखें उचललें जात नसेल, तर मज्जातंतूवर दाब आहे असें समजावें, आणि डॉक्टरांकडे जाण्यास उशीर लावूं नये.

यांपैकीं कांहींच नसेल, तर निश्चिंतपणें वाट पाहावी. पण वाट पाहण्यासहि सीमा असावी. दोन-तीन आठवड्यांत कांहींच उतार पडला नाहीं, सहा आठवड्यांत दुखणें गेलें नाहीं, किंवा तें रोजच्या कामांत व झोपेंत सतत आड येऊं लागलें, म्हणजे तपासून घ्यावें.

डॉक्टरांपुढें काय सांगावें

प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच जावें. घरचा पूर्वेतिहास त्यांना ठाऊक असतो, आणि अस्थिरोगतज्ज्ञ, मज्जाशल्यविशारद किंवा फिजिओथेरपिस्ट यांपैकीं कोणाकडे धाडावें हें ते सांगतील. जातांना एका कागदावर लिहून न्यावें : दुखणें केव्हां व कशानें सुरू झालें, रात्रीं वाढतें कीं दिवसा, कळ पायांत कोठवर जाते, ताप, वजन, लघवी व शौच यांचें काय, पूर्वींचे मोठे आजार कोणते, चालू औषधें कोणतीं. स्त्रीरोगी असल्यास तिला स्वतः बोलूं द्यावें. “तिचें काय होतें तें मीच सांगतों,” म्हणणारे यजमान डॉक्टरांच्या कामांत विघ्न आणतात. जरूर तर तिला एकटीला डॉक्टरांशीं बोलावयास मिळावें.

दुखणें बरें झाल्यावर घराचेंहि थोडें तपासावें. पातेलीं उतरविणें, गाद्या उन्हांत टाकणें, आजींना उचलून बसविणें हीं कामें एकाच कंबरेवर पडतात काय? पडत असतील, तर तीं वांटून घ्यावीं. औषधाचा खर्च त्यांत वांचतो, आणि कोणाचा तरी दुवा मिळतो.

घरांत औषधांचें एक कपाट असतेंच. त्याच्या दाराच्या आंतल्या बाजूस आमच्या वाचकांनीं एक लहानसा कागद चिकटवावा, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावें : लघवी, शौच, बसण्याच्या जागेचा स्पर्श, पायांतली शक्ति, ताप, वजन, पूर्वींचा मोठा आजार, अपघात. घरांत कोणाची कंबर धरली, कीं शेकाची पिशवी काढण्यापूर्वीं तो कागद वाचावा, आणि त्यांतील प्रत्येक गोष्ट रोग्यास हळू आवाजांत, एकांतांत विचारावी. आठांपैकीं एकाचेंहि उत्तर वांकडें आलें, तर पिशवी तशीच ठेवून डॉक्टरांना दूरध्वनि करावा. सर्व उत्तरें सरळ आलीं, तर मात्र पिशवी खुशाल गरम करावी, काकांना थोडें रागावून उठवून फिरावयास लावावें, आणि पुढच्या वर्षीं पातेलीं उतरविण्यास दोघे जण माळ्याखालीं उभे राहतील, अशी तजवीज आतांच करून ठेवावी.